नंदीचं ऑपरेशन

2022 च्या तान्ह्या पोळ्याला आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या गल्लीत पोरांचे लाकडी बैल रांगेनं उभे होते. पावसाची भुरभुर चालू होती. पोरं बोजारा, म्हणजे सणाचे पैसे-खाऊ, मागत पुढच्या घरी गेली तेव्हा एका बैलाच्या चाकांमध्ये बसलेलं करडं, भिजलेलं मांजराचं पिल्लू मागंच राहिलं. आईनं त्याला पदरात घेतलं. त्या दिवशी दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं, म्हणून तो नंदी झाला. डॉक्टरांनी दात पाहून सांगितलं, दीडेक महिन्याचा असेल.

पुढच्या मार्च-एप्रिलपर्यंत तो घरातलं तिसरं लेकरूच होता. मग त्याचा आवाज बदलला. रात्री दोन वाजता दारापाशी बसून तो पोटातून एक लांब, जाडसर हाक काढायचा. दार उघडलं की बाण सुटल्यासारखा बाहेर, आणि सकाळी परत आला की अंगाला धूळ आणि कानावर ओरखडे. मी म्हटलं, मोठा होतोय, फिरू दे.

आणि मग तो फवारे मारायला लागला. मांजर पाळणाऱ्याला हे नीट ओळखता यायला हवं, म्हणून सविस्तर लिहिते. लघवी करताना मांजर खाली बसतं, वाळू उकरतं, झाकून टाकतं. फवारा मारताना बोका उभाच राहतो. भिंतीकडे पाठ करतो, शेपटी ताठ वर जाते आणि तिचं टोक थरथरतं, मागचे पाय जागच्या जागी हलतात, आणि बरोबर आपल्या गुडघ्याच्या उंचीवर धार जाते. थोडीशीच असते, पण वास असा की दोन खोल्या पलीकडे कळतो. डॉक्टरांनी नंतर समजावलं की बोक्याच्या लघवीत फेलिनिन नावाचा गंधकयुक्त पदार्थ असतो. टेस्टोस्टेरॉनच्या जोरावर तो भरपूर बनतो आणि हवेत त्याचं विघटन झालं की तो उग्र दर्प सुटतो. दुसऱ्या बोक्यांसाठी ती पाटी असते, ही जागा माझी.

नंदीनं त्याची पाटी आमच्या कूलरवर लावली. नागपूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना याचा अर्थ कळेल. पारा 44 वर, कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूनं बसवलेला, आणि बाहेरून नंदीनं रोज संध्याकाळी त्याच्या ताटीवर, म्हणजे पाण्यानं भिजणाऱ्या गवती जाळीवर, धार मारलेली. ताटी ओली झाली की तो वास वाऱ्याबरोबर थेट आमच्या तोंडावर. बाबांनी दोनदा ताट्या बदलल्या. तिसऱ्या वेळी कूलर बंद करून आम्ही गच्चीवर झोपलो.

या काळात मी ज्या चुका केल्या त्या सांगायला हव्यात. मी फरशी आणि कूलरचं स्टँड फिनाइलनं पुसत होते. वास दाबायला दुसरं काय करणार, असं वाटायचं. पण फिनाइलमधली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. पंजाला लागलं, त्यानं चाटलं, की ते सरळ पोटात. नशिबानं त्याला काही झालं नाही. दुसरी चूक म्हणजे मी त्याला ओरडायचे, एकदा पाणीही मारलं. तो माझ्याकडे ज्या नजरेनं बघत मोरीत जाऊन बसला, ती मला आजही आठवते. त्याला आपण काय गुन्हा केला हेच कळत नव्हतं. अंगातलं रक्त त्याला जे सांगत होतं ते तो करत होता, आणि शिक्षा मात्र मी त्याला देत होते.

त्याच्या नसबंदीच्या ऑपरेशनचा विषय मी मे महिन्यात काढला. आई लगेच तयार झाली. बाबा जेवणाच्या ताटावरून न बोलता उठले. हात धुऊन आले आणि म्हणाले, "काहून वो, नाव नंदी ठेवलं अन् आता त्याचा बैल करून राहिली का?"

बाबा काटोलकडच्या खेड्यात वाढलेले. त्यांच्या लहानपणी गोऱ्हा बडवणं, म्हणजे त्याचं खच्चीकरण करून बैल करणं, हे शेतीतलंच एक काम होतं. गोऱ्ह्याचे पाय बांधून त्याला आडवा पाडायचा, अंडाच्या वरच्या शिरा दोन काठ्यांमध्ये धरायच्या आणि ठोकून ठेचायच्या. भूल वगैरे काही नाही. पुढं जनावरांच्या दवाखान्याचा माणूस मोठा चिमटा घेऊन यायला लागला, कातडी न फाडता आतल्या नसा दाबून टाकणारा. पण बाबांनी त्याच्या आधीचं पाहिलं होतं. दहा वर्षांचे असताना त्यांनी गोऱ्ह्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. "तो हंबरडा अजून कानात हाये माह्या," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर मी तो विषय सात-आठ महिने काढला नाही. त्या सात-आठ महिन्यांची किंमत नंदीनं भरली.

डिसेंबरात तो दोन रात्री आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो डाव्या गालावर लिंबाएवढी सूज घेऊन. हात लावला तर गरम. ताप होता, खात नव्हता, पाणीही नाही. मी त्याला टोपलीत घालून सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. हे कॉलेज 1958 पासूनचं, आता पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. आमच्या लहानपणी शेजारचे गाई-म्हशी घेऊन तिथंच जायचे. तिथल्या डॉक्टरांनी केस बाजूला करून दाखवलं, सुईच्या टोकाएवढी दोन छिद्रं, दुसऱ्या बोक्याच्या सुळ्यांची. मांजराचा दात बारीक आणि लांब असतो. जखम वरून दोन दिवसांत मिटते, पण दातावरचे जंतू आत बंद होतात आणि पू साठत जातो. चिरा दिल्यावर जे बाहेर आलं ते बघून मला भोवळ आली. बाबा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी नंदीचे पुढचे पाय धरून ठेवले होते.

निघताना डॉक्टर म्हणाले, गळू बरं होईल, पण चावाचावीतून बोक्यांना एक विषाणूही होतो, माणसाच्या एचआयव्हीच्या जातकुळीतला. माणसाला तो लागत नाही, पण मांजराची प्रतिकारशक्ती हळूहळू खातो आणि त्याला पूर्ण बरं करणारं औषध नाही. रक्ताची तपासणी करून घ्या, आणि ऑपरेशन करून टाका. तपासणीत तो विषाणू निघाला नाही. आमचं दैव चांगलं.

घरी येताना ऑटोत बाबांनी टोपली मांडीवर घेतली होती. तुकडोजी पुतळ्याच्या चौकात सिग्नलला ऑटो थांबला तेव्हा त्यांनी विचारलं, "त्याले भूल देतात का पुरी?"

मी म्हटलं, "पुरी देतात."

"मंग मी येतो."

ऑपरेशन आम्ही आमच्या भागातल्या एका खाजगी डॉक्टरांकडे ठरवलं, गालाची जखम पूर्ण भरल्यावर, संक्रांत झाल्यावर. आधी वजन झालं, चार किलो सहाशे ग्रॅम. रक्त पाहिलं, छाती ऐकली. सूचना दिली: रात्री दहानंतर खायला काही नाही, पाणी सकाळपर्यंत चालेल. भुलीत उलटी झाली तर अन्न श्वासनळीत जाऊन जीवावर बेतू शकतं.

पहिली तारीख फुकट गेली. सकाळी साडेआठला मी टोपली काढली तेव्हा आई म्हणाली, "उपाशी कसं धाडू वो त्याले? वाटीभर दुधात पोळी चुरून देल्ली." मला रडू यायचं बाकी होतं. तिला ओरडावंसं वाटलं, पण तिनं त्याला ज्या मायेनं खाऊ घातलं होतं त्याच मायेवर तो इतका मोठा झाला होता. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी चार दिवसांनंतरची वेळ दिली. त्या रात्री मी स्वयंपाकघराला कुलूप लावून किल्ली उशाखाली घेतली.

ज्या दिवशी खरंच झालं तो दिवस थंडीचा होता, सकाळी बोटं बधिर होत होती. दवाखान्यात मी संमतीच्या कागदावर सही केली. डॉक्टरांनी नंदीच्या मांडीत इंजेक्शन दिलं आणि त्याला आमच्याच हातात ठेवलं. बाबांनी त्याला शालीत गुंडाळून छातीशी धरलं. दोन-तीन मिनिटांत मान जड झाली, जीभ थोडी बाहेर आली, पण डोळे टक्क उघडे. बाबा घाबरले. "अवो, हा तं जागा हाये!" डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की या भुलीत मांजराचे डोळे उघडेच राहतात, त्याला काही दिसत नाही, काही कळत नाही. बुबुळं कोरडी पडू नयेत म्हणून त्यांनी डोळ्यांत मलम घातलं. मग पंजाच्या बोटांमध्ये जोरात चिमटा काढून दाखवला. पाय हलला नाही. बाबांनी स्वतःही एकदा हळूच दाबून पाहिला.

आत फार तर वीस मिनिटं लागली. बाबा दाराला कान लावून उभे होते. मी त्यांना बसायला सांगितलं तर हातानंच नको म्हणाले. बोक्याचं ऑपरेशन मांजरीपेक्षा खूप छोटं असतं. पोट उघडावं लागत नाही. अंडाच्या पिशवीवर दोन बारीक चिरा, आतून वृषण बाहेर घ्यायचे, नळी आणि रक्तवाहिनीची गाठ मारायची, कापायचं. बाहेरून बहुतेक वेळा टाकाही घालत नाहीत, चिरा आपोआप मिटतात. डॉक्टरांनी बाहेर येऊन स्टीलच्या ट्रेमध्ये ते दोन दाणे दाखवले, वाटाण्यापेक्षा थोडे मोठे.

बाबांनी ट्रेकडे पाहिलं नाही. त्यांनी विचारलं, "आवाज नाही केला ना त्यानं?"

"नाही काका. त्याला पत्ताच नाही."

बाबा बाकावर बसले. खिशातून रुमाल काढून बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

त्या रात्रीचं कुणी आधी सांगितलेलं बरं असतं, म्हणून सांगते. भुलीतून उठणारं मांजर बघवत नाही. नंदी उठायचा, मागचे पाय फरफटत दोन पावलं जायचा, भिंतीला आपटायचा. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा अर्धा वर आलेला. एकदा पिवळी उलटी झाली. भुलीत शरीर थंड पडतं, त्यामुळे ऊब हवी. आम्ही गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून त्याच्या पाठीशी ठेवली. उंचावर चढू नये म्हणून गादी जमिनीवर टाकली आणि मी तिथंच झोपले. पहाटे चारला त्यानं माझ्या बोटाला नाक लावलं आणि पाणी प्यायला गेला, सरळ रेषेत.

पुढचे सात दिवस गळ्यात प्लास्टिकची कॉलर, चाटू नये म्हणून. ट्रेमधली वाळू काढून फाडलेला लोकमत घातला, कारण वाळूचे कण जखमेत जातात. दुखण्याचं औषध डॉक्टरांनी वजनाप्रमाणे थेंब मोजून दिलं होतं. इथं एक गोष्ट मी हात जोडून सांगते. घरातली पॅरासिटामॉलची गोळी, पाव तुकडासुद्धा, मांजराला कधीच देऊ नका. आपल्याला जी तापावर चालते तीच गोळी मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी निकामी करते, आणि मांजर दगावतं. आमच्या ओळखीत एकीकडे असं झालेलं आहे.

खर्च तपासण्या, औषधं धरून साडेतीन हजारांच्या आत आला. गळवाच्या उपचारांना त्याहून जास्त गेले होते.

आता वागण्याबद्दल, कारण मला सगळे तेच विचारतात. लोकांना वाटतं ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी वेगळंच मांजर घरी येतं. तसं होत नाही. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन झपाट्यानं उतरतं, पण लागलेली सवय हळूहळू सुटते. शिवाय नळीत आधीचे शुक्राणू शिल्लक असतात, म्हणून डॉक्टरांनी महिनाभर बाहेर सोडायचं नाही असं बजावलं होतं. पहिले दोन आठवडे तो रात्री दाराशी बसून तीच हाक द्यायचा. कॉलर काढल्याच्या तिसऱ्या दिवशी चपलांच्या रॅकवर धारही मारली. मी खचले. पण खाली वाकून वास घेतला तर तो जुना दर्प नव्हता, साध्या लघवीसारखा होता. तिथं कपड्यांची साबण पावडर कोमट पाण्यात कालवून धुतलं, उन्हात वाळवलं आणि त्याच जागी त्याची खाण्याची वाटी ठेवली. मांजर जेवते तिथं घाण करत नाही. फेब्रुवारी संपेपर्यंत एवढंच दोनदा झालं. त्यानंतर नाही.

हाक कधी थांबली ते मला नेमकं सांगता येत नाही. एका सकाळी उठले आणि लक्षात आलं की रात्रभर झोप लागली होती.

बहुतेक बोक्यांचं भटकणं, भांडणं आणि फवारे ऑपरेशननं खूप कमी होतात. काही थोड्यांचे फवारे राहतात, विशेषतः घरात बरीच मांजरं असली किंवा ताण असला तर. आणि जितकं लवकर कराल तितकं चांगलं. पाच-सहा महिन्यांचा असताना केलं तर बऱ्याचदा सवय लागतच नाही. नंदी दीड वर्षाचा होता.

मार्चमध्ये त्याला बाहेर सोडलं. पूर्वी तो थेट रिंगरोडच्या बाजूपर्यंत जायचा, दोनदा शेजाऱ्यांनी पलीकडे पाहिला होता. आता त्याचं राज्य आमची गच्ची, कंपाउंडची भिंत आणि पलीकडचं पेरूचं झाड एवढंच उरलं. गल्लीतला पांढरा-काळा बोका, ज्यानं बहुधा तो गाल फोडला होता, अजून येतो. दोघं भिंतीच्या दोन टोकांना बसतात, तास तास. एकदा गुरगुर झाली, केस उभे राहिले, आणि नंदी उठून घरात आला. जानेवारीच्या आधीचा नंदी उठला नसता.

भूक मात्र वाढली. ऑपरेशननंतर शरीराला ऊर्जा पूर्वीपेक्षा कमी लागते आणि खा-खा जास्त होते, दोन्ही एकाच वेळी. आईला हे पटवणं सर्वांत कठीण गेलं. एप्रिलमध्ये वजन पाच किलो चारशे भरलं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मोजून देतो, आणि पाण्याची भांडी तीन ठिकाणी ठेवतो. नर मांजराची मूत्रनळी अरुंद असते. तो वारंवार ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच तासाला दवाखाना गाठायचा, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.

आणि तो आळशी, मंद होईल, त्याचा स्वभाव मरेल, ही भीती? बाबांना तीच होती. नंदी अजूनही पाली धरतो, खारीच्या मागं पेरूवर चढतो, पांघरुणाखालची माझी बोटं हेरून झडप घालतो, आणि पहाटे पाचला बाबांच्या छातीवर उभा राहून त्यांना उठवतो. शिकार आणि खेळ टेस्टोस्टेरॉनवर चालत नाहीत. पूर्वी मात्र तो घरात असूनही घरात नसायचा. कान सारखे दाराकडे. आता तो सबंध दुपार कुणाच्या तरी मांडीवर काढतो, पोट वर करून.

आमच्या बोक्याचं झालं म्हणून गल्लीतली पिल्लं थांबत नाहीत, हे मला नंतर कळलं. एक बोका कमी झाला तर दुसरा येतो. शेजारच्या काकूंची मांजर जिन्याखाली वर्षातून दोनदा व्यायची, आणि पावसाळ्यातली निम्मी पिल्लं रस्त्यावर जायची. काकूंनी नंदीला वर्षभर पाहिलं आणि मग एक दिवस स्वतःहून माझ्याकडे आल्या. मांजरीचं ऑपरेशन मोठं, पोट उघडून गर्भाशय आणि अंडाशय काढतात, टाके पडतात, काळजी जास्त घ्यावी लागते. तरी त्यांनी करून घेतलं. तिला न्यायला बाबा सोबत गेले. दवाखान्यात त्यांनीच काकूंना समजावलं, डोळे उघडे दिसतील, घाबरू नका.

ऑपरेशननंतरच्या पहिल्याच मार्चमध्ये बाबांनी कूलर काढला होता. जुन्या ताट्या फेकून नव्या बसवल्या, टाकी धुतली, पंपाला तेल दिलं. पाणी सोडल्यावर ताट्यांचा तो पहिल्या दिवसाचा ओला, गवती वास घरभर सुटला. नंदी खिडकीच्या कठड्यावर गेला. त्याच कोपऱ्याजवळ, जिथं आदल्या वर्षी रोज पाठ करून उभा राहायचा. मी हातातलं काम सोडून बघत राहिले. बाबाही पान्हा घेऊन तसेच उभे. नंदीनं ताटी हुंगली, बराच वेळ. मग गाल घासला, आधी उजवा, नंतर तो फाटून भरलेला डावा, आणि कूलरच्या वाऱ्यात अंग टाकून झोपला.

बाबा आत गेले आणि त्याच्या अंगाखाली घालायला पोतं घेऊन आले.